मदत हवी आहे: भाच्याच्या रक्तापासून लॅबमध्ये मेंदूचा गोळा बनवता येईल का?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. बहिणीचा मुलगा ५ वर्षांचा, जरा ताप चढला की त्याला फिट येते. परवा पेज भरवता भरवता त्याचा डावा हात थरथरायला लागला, चमचा खाली पडला आणि नजर एकदम वर गेली, अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही. जीन टेस्टमध्ये एससीएन१ए नावाच्या जनुकात बदल आलाय, डॉक्टर ड्रॅव्हे सिंड्रोम म्हणतात, म्हणजे लहानपणीच सुरू होणारा फिट्सचा एक गंभीर आजार.

रात्री वाचत बसले तेव्हा ब्रेन ऑर्गनॉइडबद्दल कळलं. पेशंटच्या कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून स्टेम सेल (ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) करतात आणि त्या वाढवून मेंदूसारखे काही मिलिमीटरचे गोळे बनवतात, त्यावर औषध टाकून बघतात. २०१३ मध्ये व्हिएन्नात हे पहिल्यांदा नीट जमलं म्हणे, नंतर झिका विषाणूने बाळांची डोकी लहान का राहतात तेही असल्याच गोळ्यांवर बघितलं. पण रक्तवाहिन्या नसल्यामुळे आतला भाग मरतो आणि गोळा वाढायला महिने लागतात, म्हणजे उद्या लगेच काही हातात येणार नाही हे कळतंय मला.

तरी विचारते, बंगळुरूला किंवा आणखी कुठे अशा मुलांचं रक्त संशोधनासाठी घेतात का? गोव्यातून कोणी दिलंय? संमतीपत्रावर सही करण्याआधी काय विचारून घ्यायचं, आणि त्यातून काही कळलं तर ते आम्हाला सांगतात का? बहीण खचलीय हो, कोणाला माहीत असेल तर प्लीज लिहा.