पॉप म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण: कुठला व्हिडिओ घेऊ?

कडेलोट: मीडिया स्टडीजच्या प्रकल्पासाठी एका पॉप व्हिडिओतले कोड आणि कन्व्हेन्शन्स (म्हणजे अर्थ सांगणाऱ्या खुणा आणि त्या प्रकारातल्या ठरलेल्या रूढी) उलगडून लिहायचे आहेत. शब्दमर्यादा हजार. हाताशी फक्त मोबाइल आहे आणि पैसे खर्च करायचे नाहीत. कुठला व्हिडिओ घेऊ, सुरुवात कुठून करू?

तालवेडा: डोळे झाकून मायकेल जॅक्सनचं 'थ्रिलर' घ्या. १९८३, दिग्दर्शक जॉन लँडिस, जवळपास १४ मिनिटं. भयपटाचा अख्खा साचा त्यात आहे. मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती, आमचे सर ती अजून वर्गात दाखवतात.

चौकट७: आधी लॅपटॉप आणि एडिटिंग सॉफ्टवेअर घ्या. टाइमलाइनवर एकेक कट दिसतो. मी घेतलं, पैसे वसूल झाले. मोबाइलवर काही व्हायचं नाही.

कडेलोट: खर्च नाही करायचा हो, वर लिहिलंय.

मंद्रसप्तक: अँड्र्यू गुडविन वाचा, म्युझिक व्हिडिओंचा अभ्यासक, १९९२चं पुस्तक आहे, ग्रंथालयात मिळेल. शब्द आणि दृश्य यांचं नातं तो तीन तऱ्हांनी बघतो: दृश्य शब्दांचंच चित्र काढतं, त्यात भर घालतं किंवा त्यांच्याशी फारकत घेतं. मोबाइल पुरेसा आहे. एकदा आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक कटची वेळ कागदावर मांडा. मग नुसतं ऐका आणि कोरस कुठे सुरू होतो ते त्याच कागदावर टिपा. कट ठेक्यावर पडतात की मुद्दाम चुकवलेत, ते लगेच कळतं. तिथून लिहायला घ्या.

तालवेडा: +१. 'थ्रिलर'ला हे झकास लागू पडेल.

रिळवाला: म्युझिक व्हिडिओ सुरूच झाले १ ऑगस्ट १९८१ला, एमटीव्हीबरोबर. प्रस्तावनेत हे हवंच.

जुनी_कॅसेट: साफ चूक. क्वीन बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा व्हिडिओ १९७५चा. एमटीव्हीने चॅनेल दिलं, प्रकार आधीचाच.

रिळवाला: १९७५ला तो प्रोमो होता. प्रकार म्हणून रुजला तो चॅनेल आल्यावरच.

सावलीरेषा: मूळ प्रश्नाकडे याल का? लॉरा मल्वीची 'मेल गेझ' (पडद्यावरच्या बाईकडे बघणारी पुरुषी नजर) जो तो चिकटवतो, पण तिचा १९७५चा निबंध हॉलिवूडच्या कथापटांवर आहे. तिथलं पात्र सहसा कॅमेऱ्याकडे बघत नाही. व्हिडिओत गायिका थेट लेन्समध्ये बघून गाते. मग कोण कुणाला न्याहाळतंय? एवढ्या एका प्रश्नावर हजार शब्द सहज होतील.

चौकट७: कट मोजायला सॉफ्टवेअर लागतंच.

कडेलोट: ठरलं. सिनेड ओ'कॉनरचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू', १९९०, दिग्दर्शक जॉन मेबरी. गुडविन म्हणतो, कलाकाराचे भरपूर क्लोजअप ही रेकॉर्ड कंपनीची मागणी असते. इथे बहुतेक वेळ चेहराच आहे. मागे काळोख, अंगात काळे कपडे, नजर लेन्समध्ये आणि शेवटाकडे गालावर ओघळणारे अश्रू. विक्रीसाठीचाच क्लोजअप इतका लांबवलाय की तो विलाप होतो. मधेच पॅरिसजवळच्या बागेतले शॉट येतात. ते गाण्यात नेमके कुठे पडतात, ते आज कागदावर मांडते.

तालवेडा: त्यात काहीच घडत नाही. 'थ्रिलर'च घ्या.