बंदरावर काम करणाऱ्या मुलाची जबाबदारी नेमकी कोणाची? शाळा, पोलीस, बालकल्याण समिती यांच्या समन्वयाबद्दल प्रश्न

प्रश्न : खाडीकाठची शिक्षिका (रत्नागिरी जिल्हा)

नमस्कार. बंदरालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. आमच्या पटावर गावातल्या मुलांबरोबर ट्रॉलरवर खलाशी म्हणून आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुलेही आहेत. त्यांतला सहावीतला, १२ वर्षांचा एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलेला नाही. पहाटे होड्या लागल्या की तो जेटीवर मासळी निवडताना आणि बर्फाच्या पाट्या वाहताना दिसतो. त्याच्या हातांवर न भरलेल्या जखमा आहेत आणि एका जखमेविषयी त्याने जे कारण सांगितले ते मला पटलेले नाही. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी येथे बदलले आहेत.

पोलीस दूरक्षेत्रात सांगितले तेव्हा बालमजुरी हा कामगार विभागाचा विषय असल्याचे उत्तर मिळाले. कामगार विभागाकडे विचारणा केली, तर मुलगा आईला हातभार लावत असेल तर कारवाई करणे कठीण आहे असे सांगण्यात आले. अंगणवाडी सेविका मनापासून मदत करू इच्छितात, परंतु त्यांच्या नोंदवहीत सहा वर्षांपर्यंतचीच मुले असतात. अशा प्रसंगी कोणी काय करायचे असते, एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे माहिती कशी पोहोचते आणि शिक्षिका म्हणून माझी जबाबदारी कुठपर्यंत आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. तक्रार केल्यावर मुलाला आईवडिलांपासून तोडून संस्थेत टाकतील, किंवा ते कुटुंबच रातोरात निघून जाईल, ही भीतीही माझ्या मनात आहे.

उत्तर : बालकल्याण समितीचे माजी सदस्य (सिंधुदुर्ग जिल्हा)

बाई, आपण वर्णन केलेली स्थिती किनारपट्टीवरच्या अनेक गावांत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यानुसार कामगार कायद्यांचे उल्लंघन करून कामाला लावलेले मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते, आणि अशा बालकाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. म्हणजे ‘हे कोणाच्या अखत्यारीत येते’ या वादाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवलेले आहे. पोलीस, कामगार विभाग आणि शाळा यांचे काम वेगवेगळे असले, तरी मुलाच्या हिताचा निर्णय एकाच ठिकाणी होतो आणि सर्वांचे कागद तेथे पोहोचले पाहिजेत.

याच कायद्याच्या कलम ३१ नुसार मुलाला समितीसमोर पोलीस, कामगार निरीक्षक, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी, चाइल्डलाइन (मुलांसाठीची मदत सेवा), कोणताही लोकसेवक, इतकेच नव्हे तर एखादा जागरूक नागरिकही हजर करू शकतो, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत हजर करणे बंधनकारक आहे. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यासमोरही मुलाला हजर करता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका या नात्याने आपण लोकसेवकच आहात. तरीही आपण एकटीने मुलाला घेऊन जावे असे मी सुचवणार नाही, कारण उद्या त्याच वस्तीतल्या दुसऱ्या मुलांसाठी त्या पालकांचा आपल्यावर विश्वास असणे फार गरजेचे आहे.

प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि जिल्हा पातळीवर विशेष बाल पोलीस पथक असते. दूरक्षेत्रात तोंडी सांगण्याऐवजी पोलीस ठाण्यातील या अधिकाऱ्याच्या पदनामाने लेखी पत्र द्या. त्याची प्रत जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आणि बालकल्याण समितीचे अध्यक्ष यांना पाठवा, आणि पत्रावर शाळेचा जावक क्रमांक असू द्या. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला कोणत्याही कार्यालयात आवक क्रमांक मिळत नाही, आणि ज्याला आवक क्रमांक नाही त्याचा पाठपुरावाही होत नाही. माझ्या कार्यकाळात मुलांची जी प्रकरणे हातातून निसटली, त्यांतल्या बहुतेकांत कायदा कमी पडला नव्हता. दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत ती हरवली होती. तातडीची वेळ असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

संस्थेबद्दलची आपली भीती मला समजते. परंतु मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय असावा हे या कायद्याचेच तत्त्व आहे. समिती मुलाला देखरेखीखाली पालकांच्याच ताब्यात देऊ शकते. घरची ओढाताण हे कामाचे कारण असेल, तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतील प्रायोजकत्वासाठी, म्हणजे मुलासाठीच्या आर्थिक मदतीसाठी (निकषांत बसल्यास दरमहा ४,००० रुपये), प्रस्ताव जाऊ शकतो. जेटीवरची त्याची मजुरी बंद करताना त्या घराचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे, नाहीतर चार दिवसांनी तोच मुलगा दुसऱ्या बंदरावर दिसेल.

उत्तर : वकील (अलिबाग)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. ‘आईला हातभार’ या मुद्द्यावर मात्र स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण हा बचाव सर्रास केला जातो. बालमजुरीविषयक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आहे. कुटुंबाला मदत करण्याची जी सवलत आहे ती कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायापुरती, धोकादायक नसलेल्या कामापुरती, आणि शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत केलेल्या कामापुरती आहे. होडी दुसऱ्याची, मासळी दुसऱ्याची आणि मुलाची शाळा बुडालेली असेल, तर ही सवलत लागू होत नाही. मालकाचा हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतः गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. त्यामुळे पोलिसांना कामगार विभागाची वाट पाहण्याची गरज नाही, आणि मुलाचे शोषण होत असल्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम ७९ ही लागू शकते.

मॅडम, आपल्या हातातला सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. वयाचा वाद झाल्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला विचारात घेतला जातो आणि कोणतेही कागद नसतील तेव्हाच वैद्यकीय चाचणीचा मार्ग उरतो. मुलाचा दाखला आणि गैरहजेरीची नोंद यांच्या साक्षांकित प्रती आताच काढून ठेवा.

जखमेबद्दल एक सूचना. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा आणि वैद्यकीय तपासणी रीतसर होऊ द्या. त्याच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली, तरी लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पोलिसांनीही २४ तासांत बालकल्याण समिती आणि विशेष न्यायालय यांना कळवायचे असते.

शेवटी, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या मुलाचा फोटो किंवा नाव कोणीही टाकू नये. चांगल्या हेतूने केले तरी बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार तो गुन्हा ठरतो, आणि मुलाचे नुकसान तर होतेच.

प्रश्नकर्तीकडून

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मुख्याध्यापकांशी बोलले आहे आणि पत्र तयार करत आहोत. एक अडचण राहते. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि त्याआधीच ही कुटुंबे कर्नाटकातील आपल्या गावी निघून जातात. तोपर्यंत काही निष्पन्न झाले नाही तर पुढे काय?

उत्तर : अंगणवाडी पर्यवेक्षिका (गुहागर तालुका)

ताई, किनाऱ्यावरच्या कामातला खरा अडसर हाच आहे. खलाशांची कुटुंबे मेअखेर जातात, आंब्याच्या बागांत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबे हंगाम आटोपला की हलतात, आणि कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाऊन पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या योजना मात्र मूल वर्षभर एकाच गावात आहे असे धरून चालतात.

ग्राम बाल संरक्षण समितीचा उपयोग इथे होतो. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, आणि पोलीस पाटील, शिक्षक, आशा हे सगळे एका ठिकाणी बसतात. अनेक गावांत ही समिती कागदावरच आहे हे मला मान्य आहे. पण जिथे होड्या समुद्रात उतरल्यानंतर, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरातच, तिची बैठक घेऊन जेटीवरच्या वस्तीतील १८ वर्षांखालच्या सर्व मुलांची यादी केली जाते, तिथे शाळाबाह्य मूल डिसेंबरपर्यंत अदृश्य राहत नाही. सेविकेच्या नोंदवहीत सहा वर्षांपर्यंतची मुले असली, तरी समितीची सचिव म्हणून तिचे काम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. हे आपल्या सेविकेला अवश्य सांगा, तिला बळ येईल. त्या मुलाच्या पाठची भावंडे असतील तर त्यांची नावे अंगणवाडीत दाखल करून घ्या. त्या निमित्ताने सेविकेचे घरी जाणे-येणे सुरू होते आणि आईशी बोलता येते. सरकारी माणसांना घाबरलेली आई पुष्कळदा सेविकेशी मोकळेपणाने बोलते, असा माझा अनुभव आहे.

मुलगा गावी निघालाच तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाची इयत्ता नोंदवणारे कार्ड) देता येते. कार्ड परराज्यात कितपत उपयोगी पडेल ते तेथील शाळेवर अवलंबून राहील, पण इयत्तेचा लेखी पुरावा आईच्या हातात असलेला बरा.

उत्तर : बालकल्याण समितीचे माजी सदस्य (सिंधुदुर्ग जिल्हा)

बाई, स्थलांतराच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. समितीपुढे मूल आल्यानंतर सामाजिक तपासणी (मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी) १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा अशी तरतूद आहे. मूल मूळचे दुसऱ्या जिल्ह्याचे किंवा राज्याचे असेल, तर चौकशीनंतर त्याचे प्रकरण आणि कागदपत्रे तेथील समितीकडे वर्ग करता येतात. मात्र त्यासाठी प्रकरण आधी येथे नोंदलेले हवे. नोंदच नसेल तर वर्ग करण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून पत्र या आठवड्यातच द्या, आणि त्यात कुटुंबाचे मूळ गाव, तालुका, जिल्हा, तसेच ते परत जाण्याचा अंदाजे काळ ठळकपणे लिहा. मूळ गावाचा पत्ता आईकडून सेविकेमार्फत मिळवणे सोपे जाईल. जावक क्रमांक आणि तिन्ही कार्यालयांच्या पोचपावत्या एका फाइलमध्ये ठेवा. १५ दिवसांत तपासणीसाठी कोणी आले नाही, तर त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. बाल न्याय अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कामावर देखरेख ठेवण्याचे अधिकार त्यांना दिलेले आहेत.