वंडर वुमनच्या आधीची स्कार्लेट

वंडर वुमनच्या आधी अमेरिकन कॉमिक्समध्ये अचाट शक्तीची बाई नव्हतीच, असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. वंडर वुमन आली १९४१ मध्ये. 'इनव्हिजिबल स्कार्लेट ओ'नील' ही चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) त्याआधीच, जून १९४० मध्ये 'शिकागो टाइम्स' या वृत्तपत्रात सुरू झाली होती. चित्रकार रसेल स्टॅम. 'डिक ट्रेसी' ही गुप्तहेराची चित्रपट्टी काढणाऱ्या चेस्टर गूल्डकडे साहाय्यक म्हणून तयार झालेला.

मला आवडते ती स्कार्लेटची अदृश्य होण्याची युक्ती. शास्त्रज्ञ वडिलांच्या प्रयोगशाळेतल्या कसल्याशा किरणाचा परिणाम झाला आणि तेव्हापासून डाव्या मनगटावरची एक नस दाबली की बाई गायब! पुन्हा दाबली की हजर. मुखवटा नाही, झगा नाही, साधे रोजचे कपडे. (कपडेही सोबत अदृश्य होतात, हे बरंच झालं म्हणायचं. एच. जी. वेल्सच्या कादंबरीतल्या अदृश्य माणसाची थंडीत उघड्यानं फिरताना काय दैना झाली होती, आठवतंय ना?)

पुढे मात्र स्टेनलेस स्टील नावाचा पुरुष नायक आला आणि तिच्याच पट्टीत तिला बाजूला सारून बसला. १९५६ मध्ये पट्टी बंद पडली. फँटास्टिक फोर या कॉमिक्समधल्या चौकडीतली, अशीच अदृश्य होणारी इनव्हिजिबल गर्ल यायला तेव्हा आणखी पाच वर्षं होती.