लाट ओसरल्यानंतरचा ताण : आरोग्य कर्मचाऱ्यांचे अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे सांगितले. त्या काळात रुग्णसेवा करणाऱ्यांच्या मनावर काय गुजरले आणि नंतरही काय उरले, हे त्यांनी स्वतः लिहावे, अशी विनंती केली होती. नावे अर्थातच वगळली आहेत.

परिचारिका, अतिदक्षता विभाग

संसर्गाची भीती हळूहळू अंगवळणी पडली; नातेवाइकांच्या वतीने निरोप घेण्याचे काम मात्र कधीच अंगवळणी पडले नाही. त्यांना आत प्रवेश नसल्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन मी रुग्णाच्या कानाशी धरत असे, आणि दुहेरी हातमोज्यांमुळे आवाज वाढवणेसुद्धा जमत नसे. पलीकडून मुलगी "बाबा, ऐकू येतंय ना?" असे विचारत राही, रुग्ण व्हेंटिलेटरवर असल्याने "हो" म्हणणारी मीच असे. पीपीई किटमध्ये रडायचीही सोय नव्हती, कारण गॉगलवर वाफ धरली की पुढच्या रुग्णाची शीर दिसेनाशी होई.

निवासी डॉक्टर

खाट एक आणि ताटकळणारे रुग्ण दोन, अशा वेळी कोणाला आत घ्यायचे याचे निकष कागदावर असतात. पण नकार सांगायला ज्याची ड्युटी असेल त्यालाच जावे लागते. "तुमचा दोष नव्हता" असे मला पुष्कळांनी समजावले. दोष नव्हता हे मला ठाऊकच होते, झोप तरीही येत नव्हती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्येही अशीच बोच आढळते, असे मानसोपचारतज्ज्ञांकडून कळले, तेव्हा निदान मी एकटा नाही एवढे तरी पटले.

रुग्णवाहिका चालक

आम्हाला कोणी काही विचारलेच नाही. समुपदेशनाच्या हेल्पलाइनचा कागद डॉक्टरांच्या खोलीत लावला होता, त्यामुळे ती सोय आमच्यासाठी नाही असेच आम्ही धरून चाललो.

वरिष्ठ परिचारिका

माझा त्रास रुग्ण कमी झाल्यावर सुरू झाला. घरात मायक्रोवेव्ह बंद झाल्याचा बीप वाजला तरी ऑक्सिजन घसरल्याचा अलार्म वाटून मी उठून उभी राहत असे. व्यवस्थापनाने ध्यानधारणेचे सत्र ठेवले, तेही रात्रपाळी संपते त्या सकाळी! बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाणे, हा आजार नसून कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरणच सांगते. मग उपाय फक्त कर्मचाऱ्याच्या श्वासात का शोधावा? मला औषधांचा आणि समुपदेशनाचा उपयोग झाला, तरी सर्वाधिक फरक पाळ्यांचे वेळापत्रक आधी हातात पडू लागले आणि सुट्टीच्या दिवशी बोलावणे थांबले, तेव्हा पडला.