अनुभव धागा : आखाजीची घागर आणि आपापले वैताग

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि लाईट तासातासाला जाते-येते. सगळ्यांचीच डोकी तापलेली आहेत, म्हणूनच हा धागा काढतेय. कटकटीच्या ऐन मध्यावर कधी एखादी गोष्ट घडते आणि आपण थबकतो. राग जातोच असं नाही, पण त्याचं तोंड दुसरीकडे वळतं. असं काही तुमच्याकडे घडलं असेल तर लिहा. सुविचार नकोत, ते रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतातच. सुरुवात मी करते.

आमचं तालुक्याचं गाव, नाव कशाला सांगू. नळाला नवव्या-दहाव्या दिवशी पाणी, तेही रात्री-बेरात्री. टाकी, पिंप, कळश्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. मागच्या खेपेला समोरच्या वहिनींनी मोटार लावली आणि आमच्या नळाला नुसता फुसफुस आवाज. त्यावरून कडाक्याचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. पुढचं पाणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या रात्री यायचं होतं. मी तीनपर्यंत जागी. आलंच नाही.

सकाळी नवी घागर पूजेला मांडली. आखाजीला पूर्वजांच्या नावानं घागर भरतात, वर खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात, हे इथल्या कोणाला सांगायला नको. मी घागर अर्धीच भरली. म्हटलं, उरलेलं स्वयंपाकाला होईल, त्यांना काय कळतंय! सासूबाईंनी बघितलं. "तेस्ले बी तीस लागस," त्यांनाही तहान लागते, एवढंच म्हणाल्या आणि स्वतःच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या घागरीत ओतला.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. दुपारी त्यांच्याजवळ बसले. १९७२ च्या दुष्काळात त्या नवी नवरी होत्या, खडी फोडायला जायच्या, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खायच्या. मला वाटलं, आता 'तेव्हा माणसं कशी एकमेकांना धरून होती' हे ऐकायला मिळणार. म्हणून विचारलं. तर म्हातारी हसायलाच लागली. म्हणे, "कशाचं गं! विहिरीवर रोज झिंज्या उपटायचो. पण दोर एकटीनं ओढवत नव्हता. जिच्याशी भांडलो तिनंच दुसऱ्या दिवशी दोराला हात लावायचा."

संध्याकाळी मी सांजोऱ्यांचं ताट घेऊन वहिनींकडे गेले. माफी मी मागितली नाही, त्यांनीही नाही. रिकामं ताट परत द्यायचं नसतं म्हणून त्यांनी त्यात कुरडया घातल्या. कुरडया खारट होत्या, हे इथेच सांगते, त्यांना सांगणार नाही.

रावेरकडचा केळीवाला

ताई, माझं जरा लांबेल. गेल्या वर्षी जूनचा पहिला आठवडा. मृगबाग, म्हणजे आदल्या मृगात लावलेली केळी, घड भरलेले, कापणीला पंधरा दिवस राहिलेले. सकाळपासून मी खारींना शिव्या देत होतो, कारण ठिबकच्या नळ्या चार जागी कुरतडल्या होत्या. 'यांनी माझं वाटोळं केलं' असं बायकोला तावातावानं सांगतोय, आणि साडेचारला आभाळ पिवळं झालं. वीस मिनिटं वारा. त्यानंतर खारींचा विषयच उरला नाही. तीन हजार खोडांपैकी निम्म्याहून जास्त आडवी. २०१६ ला आपल्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण वारा काही मानांकन विचारून येत नाही.

विम्यासाठी ७२ तासांत कळवायचं असतं, म्हणून रात्रीच फोटो काढत फिरलो. नातेवाईक आले, व्यापारी आला, पुढारीही आले. आला नाही तो बांधाला बांध असलेला शेजारी. त्याची बाग टेकाडाच्या आडोशाला, पानही फाटलं नव्हतं. मनात आलं, बघा, वेळेला कोण कोणाचा! तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टरचा आवाज आला. तो आणि त्याचे दोन पोरं पडलेली खोडं कापून बाहेर काढत होती. मी गेलो तर वर बघेना. म्हणाला, "माझी उभी आणि तुझी आडवी. काय तोंड घेऊन येऊ?"

नुकसान झालं माझं आणि लाज वाटत होती त्याला. त्याच्या बांधावर बसून मी रडलो, तीन दिवसांत पहिल्यांदा. विम्याचं प्रकरण अजून चालूच आहे, तो वेगळा धागा होईल. खारींना मात्र अजून शिव्या देतो.

अपडाउनवाला, भुसावळ

भुसावळ-जळगाव अपडाउन करतो, अंतर पंचवीस किलोमीटर, पण गाडी आऊटरला थांबली की पंचवीस मिनिटांचे सव्वा तास होतात. परवा अशीच थांबली. डब्यात सगळे रेल्वेच्या नावानं बोटं मोडत होते, मी सगळ्यात पुढे. खिडकीखाली गँगमन उभा होता. उन्हात रूळ तापून वाकतात, म्हणून भर दुपारी रुळांची पाहणी करत चालायचं, हेच त्याचं काम. त्यानं पाणी मागितलं, मी बाटली दिली. अर्धी पिऊन बाकीचं डोक्याच्या फडक्यावर ओतलं आणि चालू लागला. वाटलं, आपण निदान सावलीत तरी बसलोय.

धडगावकडची आशाताई

भुसावळवाले दादा, रागावू नका, पण हे मला खटकतं. दुसऱ्याचं ऊन बघून आपल्या सावलीची किंमत कळणं. तुम्ही गँगमनकडे बघितलं. लोक आमच्याकडे येतात, पाड्यावरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत आणताना बघतात, फोटो काढतात आणि 'आपण किती सुखी' म्हणत परत जातात. मग आम्ही कोणाकडे बघायचं? १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी शाळेत होते, आता रस्ते येतील असं गुरुजी म्हणाले होते. काही आले. आमच्या पाड्याचा डोंगराखालीच थांबलाय.

तरी सांगते, विचारलंच आहे म्हणून. मी आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती, महिन्याची माहिती फोनवर भरायची असते आणि रेंज फक्त टेकडीवर. त्या दिवशी तिसऱ्यांदा चढले होते, माहिती जात नव्हती, फोन दगडावर आपटावासा वाटत होता. तिथे एक आजी कैऱ्यांच्या फोडी वाळत घालत होती, आमचूरसाठी. काही न बोलता तिनं माझ्यासाठी सावलीत जागा केली. मी फोन धरून बसले, ती फोडी उलटत बसली. तासाभरानं माहिती गेली. उठताना तिनं मूठभर आमचूर माझ्या पदरात टाकलं. बाजारात त्याचे तिला पैसे मिळाले असते. तिचा कोणताच प्रश्न मी त्या दिवशी सोडवला नव्हता. आमचूर अजून डब्यात आहे, वापरवत नाही.

अपडाउनवाला, भुसावळ

ताई, रागावलो नाही. रात्रभर डोक्यात राहिलं तुमचं. मी त्याला बाटली दिली, पण नाव विचारलं नाही, हे आता आठवलं. आणखी एक, आमच्या स्टॉपला रोज तीच माणसं असतात, त्यांचीही नावं कधी विचारली नाहीत.

कापूसवाली, चोपडा

मी हलकंफुलकं लिहिते. भाव वाढेल म्हणून नोव्हेंबरपासून कापूस पुढच्या खोलीत भरलाय, छतापर्यंत. अंगाला खाज सुटते, पाहुण्यांना बसवायला जागा नाही, नवऱ्याशी रोज वाद. फेब्रुवारीत नणंदेची पोरं आली. दार उघडलं आणि किंचाळतच त्यात उड्या! आठ दिवस मोबाईलला हात लावला नाही त्यांनी. भाव शेवटी उतरलाच. पण पोरं फोनवर विचारतात, "मामी, पुढच्या वर्षी पण ठेवशील ना?" काय उत्तर देऊ, सांगा.

नवापूरचे आजोबा

आमच्या नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दोन तास लेट गाडीची वाट बघत होतो, वैतागलेलो. नात बाकड्यावर हद्दीच्या रेषेवर बसून विचारते, "आजोबा, गाडी महाराष्ट्रात लेट आहे का गुजरातमध्ये?" बाकी लिहायला काही नाही.

चाळीसगाव

कन्नड घाट, ट्रक आडवा, सात तास. पुढच्या टेम्पोत वऱ्हाड. हळद लागलेला नवरदेव मुंडावळ्या कानामागे खोचून ट्रॅफिक काढत होता आणि त्याची आत्या गाड्या-गाड्यांतून बट्टी वाटत होती. मुहूर्त चुकला असणार. बट्टी मात्र झकास होती.

धागाकर्ती

सगळं वाचलं. आशाताई, तुमचं दोनदा. आमच्याकडचं सांगते, पाण्यासाठी गल्लीतल्या बायकांनी मिळून अर्ज लिहिलाय, सोमवारी देणार आहोत. पहिली सही वहिनींची, दुसरी सासूबाईंचा अंगठा. खरं तर त्यांना सही येते, पण म्हणाल्या अंगठा जास्त ठळक दिसतो. केळीवाले दादा, विम्याचा धागा काढाच, आणि…

थांबा. रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं झालीत आणि समोरून वहिनी दार वाजवताहेत, "उठा, उनं, पानी उनं!" आलं, पाणी आलं! बाकीचं उद्या लिहिते.