सुई बघितली की शुद्ध हरपते, आईला इन्सुलिन कसं देऊ?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, हायस्कूलला गणित शिकवते. सापाला मी भीत नाही, पुराच्या पाण्याबरोबर ते आमच्या अंगणात येतच असतात. पण इंजेक्शनची सुई किंवा रक्त दिसलं की आधी जांभया येतात, मग कानात गुं गुं होतं, तळव्यांना घाम फुटतो आणि पुढचं काय झालं ते मला दुसऱ्यांकडून कळतं. लहानपणी शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा टोचलं माझ्या पुढच्या मुलीला आणि पडले मी. बाबांचंही असंच व्हायचं. दाढी करताना कापलं की ते मोरीतच खाली बसायचे.

आता आईची शुगर गोळ्यांनी आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलंय. तिला इन्सुलिन टोचायच्या पेनावरचे आकडे दिसत नाहीत, हातही थरथरतो. भाऊ नाशिकला. सध्या शेजारच्या काकू येऊन देतात आणि मी तेवढा वेळ ओट्यापाशी पाठ फिरवून उभी. काकू दिवाळीनंतर मुलीच्या बाळंतपणाला जाणार आहेत.

डॉक्टर म्हणाले, दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा. योगवर्गात शिकले होते तसं सैल सोडलं, तर नेहमीपेक्षा लवकर पडले. मनाला या वयात नवं वळण लागतं का? कुणी लावलंय का? फक्त "मन घट्ट कर" एवढं सांगू नका, ते घरात रोज मिळतं.

रानवाटा

मला झुरळाची भीती होती. एक दिवस हातानं उचललं, विषय संपला. डोळे मिटून टोचून टाका ताई.

सुईदोरा

रानवाटा, डोळे मिटून टोचायचं कुणाला, तिच्या आईला? राहू द्या.

कृष्णाकाठताई, आयडी बघून हसू नका. मी डोंबिवलीत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीनची सुई बोटात घुसली तरी मी बोट चोखून पुढे शिवत असे, पण दवाखान्यातली सुई दिसली की आडवी. गरोदरपणात रक्त तपासायला गेले की लॅबवाले आधी पलंग रिकामा करायचे. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे शिकले, ते सांगते.

पहिली गोष्ट, तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बाकीच्या भीतींना ठीक, या भीतीला उलटा पडतो. कुत्रा, उंची, लिफ्ट यांना घाबरणाऱ्याची छाती धडधडते, रक्तदाब चढतो, त्यामुळे तो सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त-सुईच्या भीतीत दाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो, नाडीही मंदावते. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस पडतो. अशा वेळी अंग सैल सोडलं तर दाब आणखी उतरायला मदतच होते. तुम्ही लवकर पडलात यात नवल नाही. आणि बाबांचं म्हणाल तर ही भीती घराण्यात चालते. माझ्या मामाला होती, आता मुलाला आहे.

यावरचा उपाय स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात बसवला. अंग सैल सोडायचं नाही, आवळायचं. खुर्चीत बसा. दंड, पोट, मांड्या, पोटऱ्या सगळं एकदम ताणा, चेहऱ्यावर गरम वाटेपर्यंत, साधारण 10 ते 15 सेकंद. मग ताण सोडा, पण पूर्ण ढेपाळू नका, नुसतं नेहमीसारखं बसा, 20-30 सेकंद. पुन्हा ताणा. असं पाचदा. श्वास कोंडायचा नाही, माझं सुरुवातीला तेच व्हायचं आणि बाई ओरडायच्या. स्नायू आवळले की पायांत साचणारं रक्त वर ढकललं जातं, दाब टिकतो. सुई समोर नसताना आधी हे अंगवळणी पाडा. मी पिको करताना पायाखाली पेडल असूनसुद्धा करायचे.

मग सुई. इथे घाई नको आणि पळणंही नको. आपण पाठ फिरवली की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानंच भीती पोसली जाते. तुमचा ओटा हाच तिचा खुराक आहे! पहिल्यांदा पेन नुसतं टेबलावर ठेवून चहा प्या. ते कंटाळवाणं झालं की सुई लावा, टोपणासकट. मग टोपण काढून बघत बसा. मग संत्र्यात टोचा (ती सुई नंतर टाकून द्यायची, आईला वापरायची नाही). मग काकू देत असताना शेजारी बसून बघा, शेवटी काकूंना शेजारी बसवून तुम्ही द्या. जांभई आली की समजा दाब उतरू लागला, तिथेच आवळा. उठून जाऊ नका. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहा, "मी पडेन, शंभरपैकी इतकी खात्री". नंतर काय झालं ते शेजारी लिहा. गणिताच्या बाईंना हे जमेल.

टोचताना दंड ताणले तर हात हलेल. तेव्हा बसूनच द्या, पाय एकमेकांत अडकवून मांड्या आणि पोट आवळा. मन राहू दे, मांड्या घट्ट करा!

बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. एकटीनं जमेना तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

विन्या_लॅबवाला

नागपूरचा लॅब टेक्निशियन आहो. एकच सांगतो, रक्त द्यायला याल तेव्हा आधीच सांगत जा ना की मला चक्कर येते. आम्ही झोपवून घेतो, त्यात लाजायचं काय? खुर्चीतून पडून डोकं फुटण्यापेक्षा बरं. दंड चांगला मजबूत, मिशीवाले गडी धाडकन पडताना रोज पाहतो, तेव्हा हिमतीबिमतीचा इथं संबंध नाही. आणि ज्या हातात सुई जाते तो हात मात्र सैल, बाकी अंग आवळा. ताई, इन्सुलिन पेनची सुई 4 मिमीची मिळते, बारीक असते. कातडीखालच्या चरबीत जाते. रक्त बहुतेक वेळा येतच नाही, आलं तर टिपूसभर.

कृष्णाकाठ

सुईदोराताई, लेख प्रिंट काढून पेनच्या डब्यात ठेवला. बीपी नाही मला. आजपासून आवळाआवळी सुरू, आईला वाटतंय मला मुंग्या आल्यात. पण हे एकदा जमलं की कायमचं जातं का? बाबा एका ऑपरेशननंतर बरे झाले होते आणि काही वर्षांनी पुन्हा तेच.

सुईदोरा

पुसून जात नाही. पावलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांचं तेच झालं होतं. घंटा वाजली की खाणं, अशी सवय लावल्यावर नुसत्या घंटेनंही त्यांना लाळ सुटायची. मग बरेचदा घंटा वाजवून खाणं दिलंच नाही की लाळ थांबायची, आणि थोडी विश्रांती देऊन पुन्हा घंटा वाजवली की परत सुटायची. जुनं शिकलेलं तसंच राहतं, त्याच्यावर नवं शिकलेलं बसतं, एवढंच. म्हणून सवय मोडू द्यायची नाही. तुम्हाला तर रोज रात्री सुई आहे, म्हणजे सराव आपोआप. माझा खंड पडतो, म्हणून मी रक्तदान शिबिरात जाते, आवळूनच झोपते. जागा बदलूनही करा. फक्त आईच्या खोलीत शिकलात तर दवाखान्यात गेल्यावर मेंदू म्हणेल, ही वेगळी सुई आहे.

काकू जायच्या आत किमान आठवडाभर तरी तुम्हीच द्या, त्या नुसत्या बघतील. आणि वापरलेल्या सुया कुठे टाकताय? कचऱ्याच्या पिशवीत नको, घंटागाडीवाल्यांच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि दवाखान्यात घेतात का विचारा.

कृष्णाकाठ

लोणच्याची बरणी रिकामी आहे, ती घेते. पेन टेबलावर ठेवलंय, चहा टाकते.