बिस्बीला 'कॉपर क्वीन' मिळालं, गोव्यातल्या साखळी गावाला काय मिळालं?

वाळवंटीकाठ:
अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, बिस्बी नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे. डोंगराच्या घळीत वसलेलं. तिथं १९०२ साली खाण कंपनीनेच 'कॉपर क्वीन' हे हॉटेल सुरू केलं. भांडवलदार आणि बडे अधिकारी आले की उतरायला साजेशी जागा हवी, एवढाच हेतू. जमिनीखालच्या खाणी १९७५ला बंद झाल्या, पण हॉटेल आजही चालू आहे आणि लोक त्यासाठी वाट वाकडी करून जातात.

आता आपल्याकडे, गोव्यात बघा. खाण उद्योगातल्या फोमेंतो समूहाने देखणं हॉटेल उभारलं, तेही चार्ल्स कोरियांकडून आराखडा करून घेऊन. पण कुठे? दोनापावलजवळ, वायंगिणीच्या किनाऱ्यावर. सिदाद द गोवा सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लोहखनिज आतल्या तालुक्यांचं आणि वैभव किनाऱ्याला, हे मला खटकतं. डिचोली, साखळी, सावर्डे, कुडचडे या गावांना सात दशकांत धुळीखेरीज पाहण्यासारखं काय मिळालं? लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होताहेत. जिल्हा खनिज निधीतून साखळीत एक चांगलं, जुन्या गोमंतकीय बांधणीचं हॉटेल व्हावं असं माझं मत आहे. पटत नसेल तर खुशाल झोडा.

टिप्परमालक:
झोडतोच. वाळवंटीकाठ बाब, जिल्हा खनिज निधी खाणबाधितांसाठी आहे. नळाचं पाणी, दवाखाना, शाळा ही त्याची कामं. खाणपट्ट्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी २०१७ साली धुळीविरुद्ध ट्रक अडवले आणि तुरुंगात गेले. त्यांच्या वाट्याच्या पैशातून पाहुण्यांसाठी पलंग घ्यायचे?

२०१२च्या सप्टेंबरात राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. मधे थोडं चाललं, मग २०१८च्या मार्चपासून पुन्हा कुलूप. माझे ट्रक दारात उभे राहिले. टायरांच्या फटींतून गवत आलं, बॅटऱ्या बसल्या, पण हप्ता काही बसला नाही. हॉटेल असतं तर मी तिथं काय झालो असतो? वॉचमन?

मांडवीपार:
दोघांनाही एक विचारतो. हॉटेल बांधलं नाही ही खाणमालकांची कंजुषी, असं धरून का चाललात? नकाशा बघा. बिस्बीपासून ट्युसॉन दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि मधे सगळा रखरखाट. त्या काळात तिथं पोचलेला पाहुणा रात्री परत जाणार कुठे? म्हणून हॉटेल.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस निर्यात सुरू झाली. पुढे जपानी पोलाद कारखान्यांची मागणी वाढली. खनिज खाणीवरून ट्रकने जेटीवर, तिथून बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगावला आणि मग बोटीवर. सौदा व्हायचा पणजीत, वास्कोत, नाहीतर मडगावात. खाण बघायला आलेला साहेब दुपारी खंदकाच्या काठावर उभा राहायचा आणि संध्याकाळी पणजीला परत. तिथं १९५२ पासून हॉटेल मांडवी होतंच. सावर्ड्यात मुक्काम करायची कोणाला गरजच पडली नाही. भव्य हॉटेल हे दूर असण्याचं लक्षण आहे, उदारपणाचं नाही.

कुशावती:
कॉपर क्वीनचं एवढं कौतुक चाललंय, म्हणून तिच्या मालकांची गोष्ट पूर्ण करते. हॉटेल फेल्प्स डॉज या कंपनीच्या पैशाचं. १९१७ साली बिस्बीच्या कामगारांनी संप केला. १२ जुलैच्या पहाटे शेरीफच्या हाताखाली जमवलेल्या सुमारे २,००० हत्यारबंद माणसांनी त्यांना घराघरांतून बाहेर काढलं. सुमारे १,२०० जण गुरांच्या डब्यांत कोंबले आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. यामागे कंपनी होती आणि ती रेल्वेही कंपनीचीच. हे सगळं हॉटेल उघडल्यानंतर पंधरा वर्षांनी, त्याच गावात.

आज तिथं भुतांच्या खोल्या दाखवून पाहुणे ओढतात. भुतंच हवी असतील तर आपल्याकडे वाड्यावाड्यावर देवचार आहेत, भाडंही घेत नाहीत.

वाळवंटीकाठ:
कुशावतीबाय, म्हणून तर म्हणतो, कंपनीने नको, निधीतून व्हावं, पंचायतीच्या ताब्यात. इतिहास काळा असला तरी इमारत राहिली म्हणून तो सांगता तरी येतो. इथं सांगायलाही काही उरलेलं नाही.

मांडवीपार:
इमारत राहिली म्हणजे गाव राहतं असं नाही. नेवाडातलं गोल्डफील्ड बघ. सोन्याची खाण, ऐन भरात वीसेक हजार वस्ती. १९०८ला चार मजली हॉटेल उघडलं, महॉगनीचं लाकूडकाम, लिफ्ट, टेलिफोन. पुढे सोनं आटलं. १९२३च्या आगीत अर्ध्याहून जास्त गाव जळालं, हॉटेल वाचलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेही बंद पडलं. गावात आज काही शे माणसं उरली आहेत आणि मधोमध ती बंद इमारत उभी आहे.

बिस्बी तगलं ते हॉटेलमुळे नाही. खाण बंद झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९७६ला, जुन्या कामगारांनीच लोकांना बोगद्यात न्यायला सुरुवात केली. डोक्यावर दिवा, अंगात पिवळा झगा आणि खाणीतली छोटी रेल्वे. स्वस्तात घरं मिळाली म्हणून चित्रकार-कारागीर येऊन राहिले. मग हॉटेलला गिऱ्हाईक मिळालं.

टिप्परमालक:
मग तेही इथं जमणार नाही. त्यांच्याकडे बोगदा आहे, आपल्या खाणी उघड्या. जूनमध्ये खंदक भरायला लागतो. शिरगावात खंदक भूजलाच्या खाली गेले आणि विहिरी आटल्या. पर्यटकाला काय दाखवू, पंप?

आणि एक मोठा फरक. बिस्बीतल्या माणसाला कळलं होतं की संपलं. आमचं तसं कधी झालंच नाही. माल जमिनीत आहे, बंदी कोर्टाची. दर निवडणुकीला 'आता सुरू होणार'. ट्रक विकायचा की ठेवायचा हेच ठरेना, तिथं दुसरा धंदा कसला काढणार?

कुशावती:
हे मात्र खरं. आमच्या केप्यात पालासियु दो देयांव आहे, १७८७चं घर, कुशावती नदीच्या काठावर. खाजगी हातांनी दुरुस्त केलं, लोक घर बघायला आणि जेवायला येतात. नदीवर पुढे उसगाळीमळला जांभ्यावरची प्राचीन कोरीव चित्रं आहेत. एवढ्यावर न्याहारी-मुक्कामाची पाच-सहा घरं चालतील. थोरल्या हॉटेलाचा अट्टहास कशाला?

वाळवंटीकाठ:
कारण पाच-सहा घरांसाठी कोणी रस्ता नीट करत नाही, हॉटेलसाठी करतात. आणि बिस्बीने १९०२ला बांधलं ते खाण जोमात असताना. २०२४च्या एप्रिलात डिचोलीची खाण सुरू झाली. बांधायचं तर आत्ताच, बंद पडल्यावर पैसा आणणार कुठून?

टिप्परमालक:
जोमातच म्हणत असशील तर २०१०-११ आठव. पाच कोटी टनांवर खनिज गोव्यातून गेलं. साखळीच्या रस्त्यावर आमच्याच ट्रकांची रांग आणि वाळत घातलेली चादर संध्याकाळी विटकरी. त्या दिवसांत हॉटेल असतं तरी उतरलं कोण असतं, सांग. आधी ट्रकांना वेगळा रस्ता करा. तो बारा वर्षं मागतोय.